पाळी चार-चार महिने येत नाही : पीसीओएसच असेल का, आणि तपासावे काय?

पांढरमाती (वणी तालुका, जि. यवतमाळ)

माझ्या पुतणीविषयी विचारायचे आहे. ती सतरा वर्षांची असून बारावीला आहे आणि रोज एसटीने तालुक्याच्या गावी कॉलेजात जाते. तेराव्या वर्षी तिची पाळी सुरू झाली. पहिली दोन वर्षे ती मागेपुढे होत असे आणि वयाचा भाग म्हणून घरात कोणी फारसे लक्ष दिले नाही. पण नंतरही दोन-तीन महिन्यांचे खंड पडतच राहिले आणि यंदा पोळ्याच्या आधी आलेली पाळी थेट संक्रांतीच्या सुमारास आली. आली ती मात्र थांबेना. दहा-बारा दिवस अंगावरून इतके गेले की मुलगी पांढरीफटक पडली. हनुवटीवर राठ केस येऊ लागले आहेत, आणि मानेमागची कातडी काळी व जाडसर झाली आहे; तिची आई तो मळ समजून रोज घासते.

एका खासगी केंद्रात सोनोग्राफी केली. अहवालात दोन्ही अंडाशयांत ‘पीसीओडी’ (पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, या अंडाशयाशी संबंधित हॉर्मोनच्या विकाराचे बोलीतले नाव) असे लिहिले आहे. वहिनींना दोन भीती आहेत. एक म्हणजे एवढे महिने न गेलेले रक्त पोटात साचून राहिले असेल, आणि दुसरी अर्थातच लग्नाची. शेजारच्या काकू सांगून गेल्या, “काही नाही व्हत, लगन झालं का आपोआप बरोबर होते.” मला स्वतःला हे पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. एका सोनोग्राफीवरून हा आजार ठरतो का, आणि पुढे कोणत्या तपासण्या कोठे कराव्यात, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

निर्गुंडी (स्त्रीरोगतज्ज्ञ, शासकीय सेवेत)

धाग्यावरून निदान करता येत नाही हे आधीच सांगते; मुलीला प्रत्यक्ष तपासणे आवश्यकच आहे. तरी तुमच्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने देते.

आधी रक्त साचण्याविषयी. दर महिन्याला अंडाशयात एक स्त्रीबीज पक्व होऊन बाहेर पडते. ते बाहेर पडल्यावर मागे उरलेल्या भागातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हॉर्मोन) तयार होते आणि गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांनी ते एकदम कमी होते. त्यामुळे गर्भाशयाचे आतले अस्तर सुटून बाहेर येते आणि त्यालाच आपण पाळी म्हणतो. स्त्रीबीज बाहेरच पडले नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि अस्तराला सुटण्याचा इशारा मिळत नाही. म्हणजे पोटात रक्ताचा साठा होत नसतो. अस्तर मात्र इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकाच्या प्रभावाखाली जाड होत राहते. असे जाड झालेले अस्तर पुढे कधीतरी कसेही, तुकड्यातुकड्यांनी सुटू लागते, म्हणून चार महिन्यांनी आलेली पाळी दहा-बारा दिवस थांबत नाही. वर्षानुवर्षे असेच चालू राहिले तर पुढील आयुष्यात त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. वहिनींची भीती अगदीच निराधार नाही, पण तिचे कारण वेगळे आहे. पाळी तीन महिन्यांपेक्षा अधिक लांबू देऊ नये असे आम्ही सांगतो ते याच अस्तरासाठी.

(अपवाद एकच. मुलीला वयात येऊनही पाळी कधी आलीच नसेल आणि दर महिन्याला ओटीपोटात कळा येत असतील, तर बाहेर पडण्याचा मार्ग जन्मतः बंद असल्यामुळे रक्त खरोखरच आत साचलेले असू शकते. तुमच्या पुतणीचा हा प्रकार नाही.)

आता पीसीओएसविषयी. या विकारात पुष्कळ स्त्रियांच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम नीट होत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अधिक प्रमाणात तयार करते. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी संप्रेरके, अधिक बनवण्यास भाग पाडते. शिवाय रक्तातील टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी बनू लागते, त्यामुळे मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. हनुवटीवरील राठ केस, न जाणारी मुरुमे आणि डोक्यावरचे विरळ होणारे केस ही त्याची बाहेरून दिसणारी खूण होय. मानेमागची काळी, मखमली कातडी बहुधा वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते आणि ती घासून जात नाही, तेव्हा वहिनींना ते घासणे आधी बंद करायला सांगावे. सोनोग्राफीत दिसणारे ठिपके हे गाठी नसून वाढ अर्धवट थांबलेल्या बीजपुटिका असतात. त्या काढून टाकायच्या नसतात.

प्रौढ स्त्रीमध्ये तीनपैकी दोन गोष्टी असल्या, आणि दुसरे कारण नाही याची खात्री झाली, तर पीसीओएस म्हणतात : अनियमित पाळी, वाढलेल्या अँड्रोजेनची लक्षणे किंवा तसा रक्ताचा अहवाल, आणि सोनोग्राफीतील विशिष्ट स्वरूपाचे अंडाशय. ही पद्धत 2003 मध्ये रॉटरडॅम येथील बैठकीत ठरली. किशोरवयीन मुलींसाठी नियम अधिक कडक आहे. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये असे 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींचे अंडाशयही तसेच दिसू शकतात. म्हणून तुमच्या हातातील अहवालाने काहीच ठरत नाही. मात्र अनियमित पाळी आणि हनुवटीवरील केस या दोन गोष्टी एकत्र असणे याला सोनोग्राफीपेक्षा पुष्कळ अधिक वजन आहे, आणि तपासणी त्यासाठीच करायची आहे.

अनियमित कशाला म्हणावे, हेही सांगते. पहिले वर्ष सोडून द्यावे. त्यानंतर तिसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत 21 ते 45 दिवसांचे अंतर चालते. पुढे 21 ते 35 दिवस. वर्षभरात आठपेक्षा कमी पाळ्या आल्या, किंवा पहिल्या वर्षानंतर एकही पाळी 90 दिवसांपेक्षा अधिक लांबली, तर तपासावे. तारीख आठवणीवर ठेवू नये. घरच्या कालनिर्णयवर खूण करण्याचा संकोच वाटत असेल तर मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर लिहावी.

तपासण्यांत सर्वांत आधी लघवीची गर्भतपासणी येते. मुलगी अविवाहित आहे म्हणून यात अपमान वाटून घेऊ नये. पाळी चुकलेल्या प्रत्येक स्त्रीची ती पहिली तपासणी आहे आणि ती केल्याशिवाय पाळी आणण्याचे औषध देता येत नाही. त्यानंतर हिमोग्लोबिन, थायरॉईडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन (स्तनांत दूध आणणारे संप्रेरक), टेस्टोस्टेरॉन आणि 17-ओएच प्रोजेस्टेरॉन. हे शेवटचे नाव अपरिचित वाटेल, पण मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या एका जन्मजात विकारात हुबेहूब अशीच लक्षणे असतात, म्हणून ते पाहतात. साखरेसाठी उपाशीपोटी रक्त देऊन 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे व दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे असते. तेव्हा सकाळी काही न खाता पहिल्या गाडीने निघावे आणि सोबत डबा ठेवावा. रक्तदाब आणि वजन तर पाहतातच.

गर्भतपासणी, हिमोग्लोबिन आणि साधी साखर प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. संप्रेरकांच्या तपासण्यांसाठी मात्र उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय, नाहीतर यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागेल. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालये त्या विभागाच्या अखत्यारीत येत नाहीत, तेथील शुल्क वेगळे असते. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरून, लघवी रोखून धरून करतात, आतून करत नाहीत, हेही तिला आधीच सांगावे, कारण या एका भीतीपायी पुष्कळ मुली दवाखान्यात यायचेच टाळतात.

सरकी (समुद्रपूर तालुका, जि. वर्धा)

निर्गुंडीताई, फार उपयुक्त माहिती दिलीत. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी चोवीस वर्षांची आहे, वजन अडतीस किलो. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी चहा घेऊन निघते ते दुपारी दोनलाच भाकर पोटात जाते. गेल्या दोन हंगामांत माझी पाळी हिवाळाभर बंद राहिली. चेहऱ्यावर केस नाहीत, मुरुमे नाहीत. कॉलेजातली मैत्रीण म्हणते की बारीक मुलींनाही पीसीओएस होतो, आणि तिने मला गहू, साखर व दूध बंद करायला सांगितले आहे. मी ते करावे का?

निर्गुंडी

करू नये, सरकी. बारीक स्त्रियांनाही पीसीओएस होतो हे तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे खरे आहे, पण तुम्ही लिहिलेले चित्र दुसऱ्या बाजूकडे बोट दाखवते. खाणे कमी, कष्ट जास्त आणि वजन आधीच कमी, अशा वेळी मेंदू अंडाशयांना जाणारे इशारे कमी करतो आणि पाळी थांबते. या अवस्थेत इस्ट्रोजेन कमी पडते व हाडे ठिसूळ होऊ लागतात. पीसीओएसच्या लठ्ठ रुग्णाला दिलेला आहाराचा सल्ला तुम्ही पाळलात तर पाळी आणखी लांबेल. शेतात जाण्याआधी भाकर आणि डाळ खाऊन निघणे, सोबत फुटाणे किंवा शेंगदाणे बांधून नेणे हा तुमचा पहिला उपचार आहे.

तरीही तपासणी टाळू नका. संध्याकाळचा ताप, खोकला किंवा आणखी उतरत जाणारे वजन असेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण आपल्याकडे गर्भाशयाच्या अस्तराला होणारा क्षयरोग हेही पाळी बंद पडण्याचे एक कारण आहे आणि त्यात छातीची लक्षणे असतीलच असे नाही. तुम्हाला सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय जवळ पडेल.

मोहफूल (औषध दुकानदार, जि. गोंदिया)

दुकानात रोज दिसणारी एक गोष्ट येथे नोंदवतो. भाद्रपदात महालक्ष्म्या जवळ आल्या की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची मागणी एकदम वाढते. पुष्कळदा नवरा किंवा मुलगाच चिठ्ठीशिवाय न्यायला येतो आणि कोणासाठी, किती दिवस, हे त्याला सांगता येत नाही. या गोळ्यांत नॉरएथिस्टेरॉन असते. ती थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण महालक्ष्म्यांना, मग नवरात्रात, मग घरच्या लग्नात, अशी ती वर्षातून अनेकदा घेतली जाते. अशा स्त्रीने डॉक्टरांना पाळीच्या तारखा सांगितल्या तर त्या तिच्या शरीराच्या नसून गोळीच्या असतात, आणि ती गोळी घेतल्याचे सांगायचे बहुधा राहून जाते.

दुसरी मागणी ‘पाळी आणायच्या गोळी’ची. दिवस गेले आहेत की नाही हे न तपासता गर्भपाताच्या गोळ्या मागणारेही येतात. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, म्हणून गावात माझ्यावर नाराजी आहे. ती चालेल.

निर्गुंडी

मोहफूल, तुमची नाराजी पत्करण्याची तयारी पुष्कळांचे जीव वाचवणारी आहे. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत राहिलेला असेल तर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि नळी फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणे, चक्कर किंवा घेरी, असे झाल्यास त्याच क्षणी 108 ची रुग्णवाहिका बोलवावी. पीसीओएसचा जुना कागद घरात आहे म्हणून थांबू नये.

याच निमित्ताने सर्वांना विनंती की आपण घेत असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवावे. पित्तासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही कॅप्सूलांत डोमपेरिडोन असते. त्याने आणि मानसिक आजारावरील काही औषधांनी प्रोलॅक्टिन वाढून पाळी लांबू शकते, स्तनांतून दूधही येऊ शकते.

गावकुस (बाळापूर तालुका, जि. अकोला)

मला दोन मुले आहेत. आशाताईंच्या सांगण्यावरून मी तीन-तीन महिन्यांनी ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेत होते. तिसऱ्या इंजेक्शननंतर पाळी पूर्ण बंद झाली. सासूबाईंनी ओळखीच्या ठिकाणी दाखवले, तेथे सोनोग्राफी करून पीसीओडी सांगितला आणि महिन्याची बरीच महाग औषधे लिहून दिली. अंतराविषयी कोणी विचारले नाही, मीही बोलले नाही. हा धागा वाचून शंका आली.

निर्गुंडी

शंका रास्त आहे. अंतरामध्ये मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन असते आणि त्याने पाळी अनियमित होणे किंवा बंद होणे हा अपेक्षित परिणाम आहे. त्यात अस्तर पातळ राहते, जाड होत नाही, म्हणून तीन महिन्यांचा माझा वरचा नियम येथे लागू होत नाही. इंजेक्शन थांबवल्यावर पाळी पूर्ववत व्हायला अनेक महिने लागू शकतात. ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळीनेही पाळी लांबते. तुमची पाळी आधी नियमित होती आणि केस-मुरुमांचा त्रास नसेल तर ते निदान पुन्हा तपासून घ्यावे. शेवटचे इंजेक्शन घेऊन तीन महिने उलटले असतील तर गर्भतपासणी करावी. आशाताईंकडे ते किट मिळते.

तुळशीवृंदावन (दर्यापूर)

इतक्या तपासण्या आणि गोळ्या यांची खरेच गरज आहे का? आमच्या आजीच्या काळी तीळ-गुळाचा काढा, पपई आणि कोरफड यांवर पाळी येत असे. आजच्या मुलींना पहिल्याच खेपेला संप्रेरकांच्या गोळ्या देणे मला योग्य वाटत नाही.

निर्गुंडी

तीळ खाण्याला माझी हरकत नाही. गूळ मात्र ज्या मुलीच्या इन्सुलिनचेच बिनसले आहे तिला औषध म्हणून द्यायचा पदार्थ नव्हे. काढा घेतल्यावर पाळी आली याचा अर्थ काढ्याने आली असा होत नाही, कारण चार महिन्यांनी ती केव्हातरी येणारच होती. आणि दिवस गेलेले असताना तीव्र काढे घेऊन आलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, म्हणून या विषयात मला नरमाईने लिहिता येत नाही.

गोळ्यांविषयीचा तुमचा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या काही दिवस दिल्यावर, त्या थांबवल्यापासून साधारण आठवड्याभरात पाळी येते. त्याने अस्तर मोकळे होते, मूळ विकार जात नाही. केस व मुरुमांचा त्रासही असेल तर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टोजेनच्या (प्रोजेस्टोजेन म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध) एकत्रित गोळ्या देतात. इन्सुलिनसाठी मेटफॉर्मिन दिले जाते. ते जेवणासोबत, थोड्या मात्रेपासून सुरू करावे, नाहीतर मळमळ व जुलाब होऊन मुलगी चौथ्या दिवशी सोडून देते. वजन जास्त असेल तर ते 5 ते 10 टक्क्यांनी उतरले तरी कित्येकींची पाळी सुधारते. त्यासाठी दुकानातली पावडर नको. ज्वारीची भाकर, घट्ट वरण, आंबाडी किंवा चवळीची भाजी पोटभर, भात कमी, दिवसभरातल्या गोड चहाच्या फेऱ्या कमी आणि एसटी स्टँडवरचे समोसे व थंड पेयाची बाटली बंद. किशोरवयात रोज तासभर अंग हलले पाहिजे. घरकामाने ते होते असे आया सांगतात. दम लागेल इतके ते बहुतेकींचे होत नाही.

गर्भाशय किंवा अंडाशय काढून टाकणे हा पीसीओएसचा उपचार नाही. असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय सही करू नये.

वैनगंगा (देसाईगंज, जि. गडचिरोली)

माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे ती नुसती वाहक नसून रुग्ण आहे. तिची पाळी सोळाव्या वर्षी सुरू झाली आणि अजून नियमित नाही. तिलाही अशा एकत्रित गोळ्या सुरू करण्याविषयी बोलणे झाले आहे. चालतील का?

निर्गुंडी

सुरू करण्याआधी सिकलसेलचा कागद डॉक्टरांपुढे ठेवावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. सिकलसेल आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका आधीच अधिक असतो आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या तो वाढवू शकतात. अशा रुग्णांसाठी केवळ प्रोजेस्टोजेनचे पर्याय अधिक सुरक्षित मानले जातात. या आजारात मुली उशिरा वयात येतात, त्यामुळे तिची अनियमित पाळी पीसीओएसशी संबंधित नसण्याचीही शक्यता आहे. घरातील एएस, म्हणजे वाहक, व्यक्तींची गोष्ट वेगळी असते, तेव्हा पॅटर्न नेमका सांगावा.

पांढरमाती

सर्वांचे आभार. पुतणीला जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवून आणले. टीएसएच आणि प्रोलॅक्टिन व्यवस्थित आहेत, 17-ओएच प्रोजेस्टेरॉनही. टेस्टोस्टेरॉन वाढलेले आहे. ग्लुकोजनंतरची साखर 152 आणि हिमोग्लोबिन 8.6 निघाले. पीसीओएस असल्याचे तेथील डॉक्टरांनी सांगितले. लोहाच्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि पाळीसाठी गोळ्या दिल्या आहेत. आता वहिनींचा एकच प्रश्न आहे : हिला मूल होईल का, आणि सोयरिकीच्या वेळी हे सांगावे की लपवावे?

सरकी

लपवू नये असे मला वाटते. लग्नानंतर गोळ्या लपवून घ्याव्या लागतात आणि मग त्या बंदच होतात. माझ्या मामेबहिणीचे असेच झाले.

मोहफूल

सांगावे हे खरे, पण सतराव्या वर्षी सोयरिकीचा विचार कशाला? बारावी होऊ द्या.

निर्गुंडी

मोहफूल यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. वहिनींना सांगा की पीसीओएस असलेल्या पुष्कळ स्त्रियांना मुले होतात, काहींना कोणत्याही उपचाराशिवाय. स्त्रीबीज बाहेर पडत नसेल तर त्यासाठी लेट्रोझोलसारखी गोळी आहे आणि पहिला उपचार म्हणून तीच देतात. याची दुसरी बाजूही मुलीला कळू द्या : पाळी येत नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत, असे मुळीच नाही. लग्नाने हा विकार जात नाही, तसा लग्नावाचून तो वाढतही नाही.

अहवालाविषयी. ग्लुकोजनंतर दोन तासांची साखर 140 पर्यंत असावी; 200 आणि त्यापुढे मधुमेह धरतात. 152 म्हणजे ती मधल्या पायरीवर आहे, तेव्हा ही तपासणी दरवर्षी करावी. हिमोग्लोबिन 8.6 हा तिचा आजचा सर्वांत तातडीचा आकडा आहे. अभ्यासात लक्ष न लागणे, जिना चढताना धाप लागणे हे त्यामुळेही असेल. लोहाची गोळी चहासोबत देऊ नये, लिंबूपाण्यासोबत द्यावी. शौचास काळे होईल, त्याने घाबरू नये. मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालले तर बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून घरात मांसाहार नसेल तर तेही पुढे तपासायला सांगावे.

आणि मुलीशी तिच्या चेहऱ्यावरील केसांविषयी कोणीतरी शांतपणे बोलावे. औषधाने नवे केस कमी व्हायला सहा महिने तरी लागतात. तोवर दोरा किंवा कात्री वापरली तर केस अधिक राठ येतात हा समज खोटा आहे. या विकारात उदासपणा आणि चिंता यांचे प्रमाणही अधिक असते. ती कॉलेजात जायचे टाळू लागली, जेवण कमी केले किंवा रात्र-रात्र जागू लागली तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता सांगावे. किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असते, तेथील समुपदेशकांकडे ती एकटीही जाऊ शकते.

पांढरमाती

लोहाची आणि मेटफॉर्मिनची गोळी एकाच वेळी दिली तर चालेल का? तिची गाडी सकाळी साडेसहाला असते.

निर्गुंडी

दोन्हींनी पोट बिघडू शकते, म्हणून वेगळ्या वेळी दिलेल्या बऱ्या. मेटफॉर्मिन रात्रीच्या जेवणासोबत द्यावी. चिठ्ठीवर दोन वेळा लिहिली असेल तर दुसरी कॉलेजातल्या डब्यासोबत. लोहाची गोळी संध्याकाळी घरी आल्यावर, चहाच्या तासभर आधी.